केबल पाणी पीत नव्हता

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मागच्या महिन्यात कुत्र्याचं पिल्लू आणलं. ते दोनदा शिंकलं, तर मधल्या सुट्टीत त्या डबा न उघडताच माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुमच्याकडे झालं होतं ना तसलं काहीतरी?" झालं होतं. त्यांना सांगता सांगता घंटा झाली, आणि अर्धवट राहिलेलं ते सगळं घरी आल्यावर मला स्वस्थ बसू देईना, म्हणून लिहायला घेतलं. औषधांची नावं मला आठवत नाहीत, आणि आठवली तरी माझ्या सांगण्यावरून कुणी घेऊ नयेत. भीती मात्र अख्खीच्या अख्खी आठवते. घरात नवीन पिल्लू आलंय आणि येता-जाता त्याच्या नाकाला हात लावून बघावासा वाटतोय, अशा माणसांनी हे वाचावं. बाकीच्यांना मी भित्री वाटेन. वाटू दे.

तो आला तेव्हा

गल्लोगल्ली केबल टीव्ही येत होता, ते दिवस. आम्ही हैदराबादला, तारनाक्याला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर केबलवाल्या यादगिरीनं भलीमोठी डिश बसवली होती आणि तिच्या सावलीत एक रस्त्यावरची कुत्री व्याली होती. यादगिरी आमचं कनेक्शन द्यायला आला तो एका खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि शर्टात पिल्लू घेऊनच.

"रख लो टीचरम्मा, कनेक्शन के साथ फ्री," तो म्हणाला.

माझा नन्नाचा पाढा सुरू व्हायच्या आत आमच्या आठ वर्षांच्या गौरीनं पिल्लू उचललं आणि त्याचं नावही ठेवलं. केबल. मी पुण्याची, पालीपेक्षा मोठा प्राणी कधी घरात पाहिलेला नाही. माझे यजमान, दिलीप, तारनाक्यालाच रेल्वेच्या ऑफिसात. त्यांचं घराणं नांदेडकडचं, शेतीवालं, निजामाच्या काळापासून निम्मे लोक हैदराबादेत. माझ्या सासूबाईंना घरातले सगळे 'बाई'च म्हणतात, मीही. बाईंचं म्हणणं, कुत्रं अंगणातच बरं. आम्हाला अंगण नव्हतं. आठवडाभरात बाई दुपारच्या मालिका बघता बघता त्याचं पोट खाजवू लागल्या होत्या.

काळजी करायचं खातं माझ्याकडं आलं. त्याला उचकी लागली की माझा जीव खालीवर. झोपेत पाय झाडले की फिट आली असेल का? नाक गरम लागलं, शी पातळ झाली, एक वेळ जेवला नाही, की मी दिलीपला ऑफिसात फोन करायची. "अगं, कुत्रं आणलंय की पेशंट?" तो हसायचा. डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं होतं, लस त्यानंतर द्यायची ठरली होती.

तेवढ्यात श्रावण लागला. एरवी आमच्याकडे दर रविवारी मटण शिजतं. पण श्रावणात बाई अंडंसुद्धा घरात येऊ देत नाहीत, आणि त्या वर्षी त्यांनी केबललाही श्रावण लावला. दूध-भाकरी, दूध-भात, बास.

"बाई, त्याला काय कळतंय श्रावण?" दिलीप म्हणाला.

"त्याला न्हाई कळत, मला कळतंय. माझ्या उंबऱ्याच्या आत हाड यायचं न्हाई. माणसाला न्हाई की कुत्र्याला न्हाई."

लाळ

जामबागजवळच्या ज्या शाळेत मी शिकवायची, ती शनिवारी सकाळची असायची. श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी कोटीच्या स्टॉपवरून बस धरून घरी आले, तर केबल दारात आला नाही. तो पलंगाखाली होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि छातीवरचे केस भिजून चिकटले होते. पंजानं तो पुन्हा पुन्हा तोंड घासत होता. दूध-भाताला तोंड लावलेलं नव्हतं.

गौरीनं पाण्याची वाटी पुढं सरकवली. तो आला. वाटीत तोंड घातलं आणि चटका बसल्यासारखा मागं सरला, केकाटला, परत पलंगाखाली. थोड्या वेळानं पुन्हा आला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तर वाटीपर्यंत आलाच नाही, लांबूनच पाण्याकडं बघत कण्हत राहिला.

दिलीप दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "पाणी घशाखाली जात नाहीये. म्हणजे तेच असणार."

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, एवढंच आम्हां दोघांना या विषयातलं माहीत होतं. तेवढं पुरेसं होतं.

आम्ही एकमेकांकडं बघत होतो तेवढ्यात गौरी पलंगाखाली शिरली. "काय झालं रे माझ्या सोन्या," म्हणत तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तो तिला चावला. आजवर त्यानं कधी साधं गुरकावलंही नव्हतं. अंगठ्याच्या बुडाशी रक्त आलं. गौरी रडली नाही, किंचाळले ती मी. तिला ओढत नळाखाली नेलं आणि साबणानं तिचा हात धुतच राहिले, धुतच राहिले. बाई हळदीचा डबा घेऊन आल्या तर मी त्यांचा हात झटकला. (नंतर डॉक्टर म्हणाले की साबणानं भरपूर धुतलंत हे फार चांगलं केलंत. त्या सगळ्या दिवसांत मी बरोबर केलेली ही एक गोष्ट.)

दोन दवाखाने

केबलला गोणपाटात गुंडाळून आम्ही रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. जाता जाता यादगिरीला विचारलं, केबलची आई कुठाय? "मालूम नहीं टीचरम्मा, चार दिन से दिखरी नहीं," तो म्हणाला. तीही पिसाळूनच मेली असणार, असं माझ्या मनानं घेतलं.

डॉक्टरांनी लाळ बघितली आणि ते टेबलापासून दोन पावलं मागं झाले. तेवढ्यावरूनच मला कळायचं ते कळलं.

"टीका दिलाए?" त्यांनी लशीबद्दल विचारलं.

"अभी नहीं."

"किसी को काटा?"

दिलीपनं गौरीचा हात पुढं केला. डॉक्टरांनी जखम बघितली आणि ते पुन्हा केबलकडं वळले.

"हड्डी-वड्डी कुछ खाया क्या?"

"नहीं," मी ठामपणे सांगितलं. "हमारे घर में सावन है. हड्डी का सवालच नहीं."

शिक्षिकेनं छातीठोकपणे सांगितल्यावर कोण शंका घेणार. डॉक्टरांनी मान हलवली. "तो फिर मुंह में हाथ नक्को डालो कोई. अलग बांध के रखो, दस दिन दूर से देखते रहो. मर गया तो गाड़ना नहीं, यहां लेके आना. बच्ची को आज के आज सुई दिलाओ."

"साब, वोइच है क्या?" दिलीपनं विचारलं.

"बोल नहीं सकता."

नाही म्हणाले असते तर मी तिथंच नाचले असते. हो म्हणाले असते तर काय झालं असतं मला माहीत नाही. पण 'बोल नहीं सकता' घेऊन घरी कसं जायचं?

केबलला घरी ठेवून मग माणसांच्या सरकारी दवाखान्यात. कुत्रा चावलेल्यांची रांग वेगळी होती, आणि ती रांग बघून मला वाटलं, अख्ख्या शहराला कुत्री चावताहेत. लहान लहान मुलं शर्ट वर धरून उभी होती. तेव्हा त्या सुया पोटात द्यायचे, बेंबीच्या भोवती, रोज एक. गौरीनं समोरच्या मुलाच्या पोटावरचे डाग बघितले आणि स्वतःचा फ्रॉक दोन्ही मुठींत घट्ट धरला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच हळूच सांगितलं की आता दंडात द्यायची नवी लस मिळते, सुयाही कमी लागतात, पण बाहेरून आणावी लागेल आणि थंड ठेवावी लागेल. दिलीप स्कूटर काढून दुकानं पालथी घालत सुटला, आणि अफझलगंजच्या एका दुकानातून ती लस गौरीच्याच शाळेच्या थर्मासमध्ये बर्फात घालून घेऊन आला. तो थर्मास छातीशी धरून दिलीप दवाखान्याचा जिना चढताना दिसला तेव्हा मला रडू फुटलं.

सुई टोचता टोचता नर्सनं गौरीला विचारलं, "कुत्ते का नाम क्या है बेटा?"

"केबल."

अख्खी रांग हसली. शर्ट वर धरलेली पोरंसुद्धा हसली. त्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

बाल्कनीचं दार

केबलला मागच्या बाल्कनीत बांधलं. दाराला जाळी होती, तिच्यातून तो दिसायचा. दिलीप काठीच्या टोकाला दुधात भिजवलेलं फडकं बांधून त्याच्या ओठांवर टेकवायचा. थोडं आत जायचं, बरंचसं बाहेर. गौरी जाळीपाशी गेली की एवढा मलूल होऊनही तो शेपूट हलवायचा, आणि मी तिला मागं ओढायची.

गणित सरळ होतं. केबल दहा दिवस जगला तर गौरीला धोका नाही. तो मेला तर मग सुयांवर भरवसा आणि आपलं नशीब. त्यामुळं मी त्याच्याकडं बघायची ते निकालाची वाट बघावी तसं. तो पडून राहिला की वाटायचं, संपला. उठून बसला की वाटायचं, आता पिसाळणार. त्याच्यावर माझं प्रेम होतं आणि त्याच वेळी मला त्याचा इतका राग येत होता, की एकदा मी जाळीतून त्याच्यावर ओरडले. त्यानं कान पाडले. मग मी फिनेल घेऊन तिसऱ्यांदा फरशी पुसली.

आम्ही नवरा-बायको तर कडाकडा भांडलो. पिल्लू घरात कुणी घेतलं, हो कोण म्हणालं, गौरीला पलंगाखाली जाऊ कुणी दिलं. मी इतके दिवस त्याच्या प्रत्येक शिंकेला घाबरले तेव्हा हसलास ना, आता हस. हे मी बोलले, दिलीप चप्पल घालून खाली निघून गेला, आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आम्ही दोघांनीही केबलची लाळ किती वेळा पुसली होती, म्हणून आम्हीही सुया घेतल्या. बाईंनी साफ नकार दिला. "मला काय व्हायचं ते हू द्या," म्हणाल्या.

बाईंचं आणखीच काहीतरी चाललं होतं. त्यांनी अन्न सोडलं होतं. सोमवारचा उपास मी समजू शकत होते, पण शनिवार संध्याकाळपासून घोटभर चहाशिवाय त्यांच्या पोटात काही नव्हतं. देवापुढं बसायच्या, कुणाशी बोलायच्या नाहीत, बाल्कनीकडं तर ढुंकूनही बघायच्या नाहीत. मला वाटलं, कुत्रं घरात आणलं म्हणून राग धरलाय. खरं सांगते, माझं डोकं फिरलं होतं. घरात एक जीव उपाशी होता तो काय कमी होता?

सोमवारी दिलीप डॉक्टरांना भेटून आला. स्वयंपाकघरात येऊन त्यानं मला हलक्या आवाजात सांगितलं की उद्यापर्यंत काही फरक नाही पडला तर त्याला इंजेक्शन देऊन शांत करावं, असं डॉक्टर म्हणतात. मी ओट्याला टेकून उभी राहिले. गौरीला काय सांगायचं आणि तिच्या पुढच्या सुयांचं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाई

बाईंनी ते ऐकलं होतं. त्या देवापुढून उठून आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार पडले होते.

"शैला, त्याला मारू नगा गं. त्याचा काय दोष न्हाई. पाप माझं हाय."

"बाई, काय बोलताय?"

"म्या श्रावण मोडला. म्याच त्याला हाड घातलं. देवानं मला धरायचं सोडून माझ्या लेकराला धरलं."

"हाड?" मी म्हटलं. "कधी?"

"शनवारी सकाळी. तू साळंत गेल्तीस. दूध-भाकरीवर त्याच्या बरगड्या दिसाय लागल्या, माझ्यानं बघवंना. नसीमच्या घरी शिजलं व्हतं, तिच्याकडून मागून घेतलं. पर उंबऱ्याच्या आत न्हाई आणलं गं. खाली जिन्याखालीच घातलं."

हाड घालतानाही स्वतःचा नियम त्यांनी शब्दशः पाळला होता. आणि तो दुसरीकडून मोडल्याची शिक्षा म्हणून देवानं पिल्लाला पिसाळवलं आणि पिल्लाकरवी नातीला चाववलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तीन दिवस त्या उपाशीपोटी देवाची माफी मागत होत्या. आणि डॉक्टरांनी हाडाबद्दल विचारलं होतं हे मी बाईंना सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मी धाडधाड जिना उतरले. नसीमआपा तळमजल्यावर राहायच्या, बाईंची आणि त्यांची जुनी गट्टी.

"आपा, शनिवार को हड्डी कैसी दिए थे?"

"बकरे की पसली थी, इत्ती सी," त्यांनी बोट दाखवलं. "क्यूं, क्या हुआ शैला?"

उत्तर द्यायला मी थांबले नाही.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जाडे चामडी हातमोजे चढवले. केबलला आधी सुई देऊन झोपवलं, मग जबड्यात लाकडाची पट्टी घालून तोंड उघडलं आणि आत बॅटरी मारली. इतका वास आला की दिलीपनं तोंड फिरवलं. "ये देखो," डॉक्टर म्हणाले. टाळूला आडवा, दोन्हीकडच्या दाढांच्या मध्ये, बरगडीचा तुकडा पाचरीसारखा घट्ट बसला होता. भोवतीची टाळू सोलवटून लाल झाली होती. त्यांनी चिमट्यानं तो हलवत हलवत काढला आणि ट्रेमध्ये टाकला. टण्ण असा आवाज झाला.

"आप तो बोले सावन है."

"सावन घर के अंदर था डॉक्टरसाब," मी म्हटलं. "हड्डी सीढ़ियों के नीचे थी."

दिलीप हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला. मीही. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्याला लस नाही, त्याच्या आईचा पत्ता नाही, त्यामुळं नजर ठेवायची आणि गौरीच्या सुया चालूच ठेवायच्या, असं त्यांनी आम्हाला बजावलं. म्हणजे हाड निघालं, पण भीती पूर्ण निघाली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा गोष्टी ऐकणाऱ्याला वाटतं की हाड सापडलं आणि संपलं. नाही संपलं. नंतरही कितीतरी दिवस तो जांभई द्यायचा तेव्हा मी हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडं बघत राहायची.

संध्याकाळी केबल शुद्धीवर आला, झोकांड्या खात वाटीपाशी गेला आणि पाणी प्यायला. लप् लप् लप्. अर्धं पाणी फरशीवर. आम्ही सगळे भोवती उभे राहून बघत होतो.

"म्हंजे देव कोपला नव्हता?" बाईंनी विचारलं.

आणि मी भडकले. सगळं आत साठलेलं त्यांच्यावर ओतलं. तीन दिवस गप्प का बसलात, एक शब्द बोलला असतात तर पोरीचा आणि आमचा जीव असा टांगणीला लागला नसता, देवाला काय तुमच्या पिल्लाच्या बरगड्या मोजायचं काम आहे का! बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. त्या एवढ्याशा दिसत होत्या. माझं बोलणं आपोआप थांबलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "दिवा लागलाय बाई. उपास सोडा आता. मी भाकरी टाकते."

"आधी त्याला दे," त्या म्हणाल्या. "मऊ करून दे. तोंड सोललंय त्याचं."

शेवटची सुई

डॉक्टरांनी सांगितलेले दहा दिवस उलटले. केबल ठणठणीत होता, माझी एक चप्पल त्यानं संपवली होती. तरी आम्ही गौरीच्या सगळ्या सुया पुऱ्या केल्या. शेवटची सुई घ्यायला मी तिला एकटीच घेऊन गेले. ती नर्स ओळखीची झाली होती, तिनं केबलची खुशाली विचारली. बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं, गुणगुणावंसं वाटत होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मी गौरीला विचारलं, रस पिऊ या का उसाचा?

ती माझं बोट धरून थांबली.

"आई, आता मी तहान नसताना पाणी नाही प्यायले तर चालेल ना?"

"म्हणजे?"

"बाबा म्हणाले होते ना, पाणी घशाखाली जात नाही म्हणजे तेच. म्हणून मी रोज बघायचे, माझं जातंय का." ती अगदी समजूतदारपणे सांगत होती. "सकाळी उठल्यावर, शाळेत, झोपायच्या आधी. कधी कधी मधे पण. रोज गेलं, आई. एकदा ठसका लागला तेव्हा मला वाटलं, झालं. पण मग परत प्यायले तर गेलं."

त्या दिवसांत ती अंथरूण ओलं करायला लागली होती. सुयांची धास्ती घेतलीय, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही तीन मोठी माणसं तिच्या कानावर काही पडू नये म्हणून कुजबुजत होतो, आणि ही आठ वर्षांची पोर रोज एकटी नळापाशी उभी राहून बघत होती, आपण आज मरणार आहोत का.

"चालेल ना?" तिनं पुन्हा विचारलं.

"चालेल," मी म्हटलं, आणि मला तिथंच पायरीवर बसावं लागलं.